लॅपटॉपची यादी देण्याआधी एक प्रयोग करून पाहा

प्रति,
ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे व तंत्रनिकेतनांचे सर्व प्राचार्य

विषय : सर्किट सिम्युलेशनसाठी विद्यार्थ्यांना घ्यायला सांगितले जाणारे महागडे लॅपटॉप

माननीय प्राचार्य महोदय आणि महोदया,



डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझं संगणक जोडणी-दुरुस्तीचं दुकान आहे. मी इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर सप्लायच्या टेस्टिंगला होतो आणि गेली वीस वर्षं हे दुकान चालवतो आहे. प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागल्या की दुकानात पालकांची रीघ लागते. टिटवाळ्यापासून मुंब्र्यापर्यंतची माणसं येतात. बऱ्याच जणांच्या हातात कॉलेजने दिलेला किंवा मुलांच्या ग्रुपवर आलेला एक कागद असतो आणि त्यावर थोड्याफार फरकाने तेच लिहिलेलं असतं : आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी. कॉम्प्युटरला जाणारा मुलगा असो, मेकॅनिकलची मुलगी असो की एक्सटीसीची, कागद तोच.

हे पत्र त्या कागदाबद्दल आहे. तो बदलणं आपल्याच हातात आहे, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेले एक गृहस्थ एक्सटीसीला लागलेल्या मुलीला घेऊन दुकानात आले. कागद हातात होताच. यादीतलं सगळं घ्यायचं तर पैसे पुरत नव्हते. काहीतरी कमी करणं भाग होतं. कागदावर ग्राफिक्स कार्डाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या, म्हणून आम्ही ते ठेवलं आणि रॅम १६ ऐवजी ८ जीबी घेतली. ८५ हजारांचा गेमिंग लॅपटॉप, १८ महिन्यांचे हप्ते. तो लॅपटॉप मी विकला. त्या वेळी मला थोडं थांबून विचारायला हवं होतं की ही मुलगी त्यावर नेमकं काय चालवणार आहे. मी विचारलं नाही, याची रुखरुख आजही आहे.

पुढच्या वर्षी ती वडिलांसोबत परत आली. "काका, सिम्युलेशन लावलं की लॅपटॉप अडकतो. रॅम वाढवून द्या." मी म्हटलं, आधी दाखव. तिने एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मिनी प्रोजेक्टचा बक कन्व्हर्टर उघडला. ५० किलोहर्ट्‌झची स्विचिंग फ्रीक्वेन्सी आणि १० मिलिसेकंदांचं सिम्युलेशन. रन दिलं आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर १२-१३ टक्के. ग्राफिक्स कार्ड ढिम्म, शून्यावर. मेमरीचा आलेख मात्र जिना चढावा तसा वर चालला होता. तो टोकाला टेकला आणि लॅपटॉप गोठला.

"प्रोसेसर तर बारा टक्केच चाललाय, मग अडकतंय कुठे?" तिने विचारलं. हा प्रश्न मी अनेक मुलांकडून ऐकला आहे आणि त्याच्या उत्तरातच सगळं मर्म आहे.

स्पाइस जातीचं सॉफ्टवेअर वेळेचे बारीक तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यावर सर्किटमधल्या सगळ्या नोडची समीकरणं मांडतं, डायोड-ट्रान्झिस्टर सरळ रेषेत वागत नाहीत म्हणून न्यूटन-रॅफसनने पुन्हा पुन्हा सोडवतं आणि उत्तर जुळलं की पुढच्या तुकड्याकडे जातं. पुढच्या क्षणाचं गणित मागच्या क्षणाच्या उत्तरावर उभं असतं. त्यामुळे एका सर्किटचं एक ट्रान्झिएंट सिम्युलेशन आठ जणांत वाटून देता येत नाही. एक जिना आठ माणसांनी एक-एक पायरी वाटून घेऊन चढता येत नाही, तसंच हे. आठ थ्रेडच्या प्रोसेसरपैकी एकच थ्रेड राबत असेल तर टास्क मॅनेजर साडेबारा टक्केच दाखवणार. काही सॉफ्टवेअर ट्रान्झिस्टरच्या मॉडेलचं गणित थोडंफार वाटून घेतात, एनजीस्पाइसही बीसिमसारख्या जड मॉडेलसाठी ते करू शकतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये त्याचा फारसा लाभ नाही. ग्राफिक्स कार्डाचा तर या कामाशी संबंधच येत नाही.

मग मेमरी का भरली? तिने स्टेप १ नॅनोसेकंद ठेवली होती. १० मिलिसेकंदांत अशा १ कोटी पायऱ्या होतात. सर्किटमधला प्रत्येक व्होल्टेज आणि बरेचसे करंट साठवले जात होते, वेळेचा रकाना धरून ६० रकाने. एका आकड्याला ८ बाइट. गुणाकार केला : ४८० कोटी बाइट, म्हणजे जवळजवळ पावणेपाच जीबी. तेवढी जागा त्या ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज, ब्राउझर आणि बाकीचं उघडं सामान धरून उरत नव्हती.

स्टेप २० नॅनोसेकंद केली. ५० किलोहर्ट्‌झच्या एका आवर्तनाला तेवढ्यानेही हजार बिंदू मिळतात, आलेख नितळ येतो. एक सेव्हची ओळ लिहून तिला खरोखर हवे असलेले चारच सिग्नल ठेवले. आता ५ लाख पायऱ्या, वेळेसकट ५ रकाने : २ कोटी बाइट. पावणेपाच जीबीचं काम २० एमबीवर आलं. मग तीच फाइल मी दुकानाच्या बिलिंगच्या मशीनवर टाकली. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ग्राफिक्स कार्ड नाही, एका ऑफिसच्या लॉटमधून घेतलेला जुना डेस्कटॉप. दोन मिनिटांच्या आत आलेख पडद्यावर आला. रिपल, ओव्हरशूट सगळं जिथल्या तिथे.

मुलगी आनंदली. वडील काही बोलले नाहीत. त्यांचे हप्ते अजून चालू होते.

प्राचार्य महोदय, या मुलीचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की मशीन कसलं हवं आणि फाइल कशी लिहायची. ती दोन वाक्यं सांगायची जागा म्हणजे आपलं महाविद्यालय.

स्पाइसचा इतिहास आपण मुलांना शिकवताच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ते घडवलं आणि १९७३ साली कॅनडातल्या वॉटर्लूच्या परिषदेत ते मांडलं गेलं. बर्कलीचं तेव्हाचं यंत्र सीडीसी ६४०० होतं. त्या यंत्रमालिकेची मुख्य मेमरी जास्तीत जास्त ६० बिटांच्या १,३१,०७२ शब्दांची, म्हणजे १ एमबीहून थोडी कमीच. बर्कलीने हे सॉफ्टवेअर जगाला मोकळं वाटलं, म्हणून ते घरोघरी पोचलं. आज एनजीस्पाइस त्याच वंशातलं आहे आणि फुकट आहे. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचं एलटीस्पाइसही फुकट मिळतं. ज्या विद्येचा उगम एवढ्याशा मेमरीत झाला, ती शिकायला आमच्या मुलांनी ८५ हजारांचं यंत्र का घ्यावं?

आणि आपल्याला तर दूर पाहायचीही गरज नाही. कांजूरमार्गला उतरलं की पवई. तिथे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम तयार केलं आहे. सर्किट काढायला कायकॅड, सोडवायला एनजीस्पाइस, असं एकत्र बांधलेलं, मोफत आणि खुलं. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठीत ऐकायला मिळतात. लोकलने तासाभरावर हे काम झालेलं असताना, महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतीतून व्हायरस शिरलेले लॅपटॉप सबमिशनच्या आठवड्यात माझ्या टेबलावर येतात. कारण मुलाला वाटतं, जर्नलमध्ये त्याच सॉफ्टवेअरचा प्रिंटआउट लागतो.

हा सगळा खर्च कुणाच्या माथी पडतो, तेही आपल्याला दिसतंच. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली. फार मोठा आधार आहे तो. पण फी माफ झालेल्या घराच्या हातात आपण लॅपटॉपची यादी देतो, तेव्हा वाचलेले पैसे तिथेच जातात. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने रॅमचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मेमरी कंपनीने आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम महाग झाली की ठरलेल्या बजेटमध्ये यादीवरचा एक चुकीचा शब्द जास्त महागात पडतो. बिनकामाचं ग्राफिक्स कार्ड कामाच्या रॅमची जागा खातं.

वजनाचंही बोलायला हवं. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचा, त्याचा चार्जर विटेएवढा. सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणारं पोर ती बॅग पोटाशी धरून चढतं. गर्दीत दबून बिजागरी तुटलेले, पडद्याला चीर गेलेले किती लॅपटॉप मी दर पावसाळ्यात उघडतो! गेमिंग लॅपटॉपची बॅटरी दीड-दोन तासांत मान टाकते, म्हणजे महावितरणचं शटडाऊन असलं की घरी बसूनही काम नाही.

मग घ्यावं काय? मी पालकांना हल्ली जे सांगतो, तेच इथे लिहितो.

पहिल्या वर्षाला घाई करू नका. ते वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखं, थोडं प्रोग्रॅमिंग आणि ड्रॉइंग. घरात असलेला साधा संगणक पुरतो. दुसऱ्या वर्षी ॲनालॉग आणि डिजिटल सुरू झालं की एका थ्रेडवर वेगवान असा चार कोअरचा प्रोसेसर, शक्यतो १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी पाहा. पैसे कमी असतील तर ८ जीबी घ्या, पण रॅमची दुसरी खाच मोकळी आहे ना ते पाहून घ्या. बोर्डवर सोल्डर केलेली रॅम पुढे वाढत नाही. ग्राफिक्स कार्ड नको. एवढं काम ऑफिसच्या लॉटमधून आलेला, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, दीड किलोचा रीफर्बिश्ड लॅपटॉप उत्तम करतो आणि तो नव्या गेमिंग लॅपटॉपच्या निम्म्याहून बऱ्याच कमी पैशांत बसतो. घेताना चार गोष्टी तपासा : बायॉसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही, बॅटरी फुगलेली नाही, एसएसडीचं आरोग्य सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं आहे आणि जीएसटीचं बिल व लेखी वॉरंटी हातात आहे. घरात कोपरा असेल तर डेस्कटॉप आणखी स्वस्त. मे महिन्यात आमच्याकडच्या पत्र्याखालच्या खोल्यांत पातळ लॅपटॉप तासाभराच्या सिम्युलेशनला तापून वेग कमी करतो, डेस्कटॉपचा मोठा पंखा तो टिकवून धरतो.

अपवादही सांगायला हवेत. व्हिवाडोसारखं एफपीजीएचं सॉफ्टवेअर डिस्कवर प्रचंड जागा घेतं आणि रॅमही मागतं. स्काय-१३० सारख्या खुल्या प्रक्रियेवर चिपचा अख्खा लेआउट काढायचा तर १६ जीबीच्या खाली जीव गुदमरतो. अँटेनाचं विद्युतचुंबकीय सिम्युलेशन तर रॅम गिळणारंच आहे आणि तिथे काही सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाचाही उपयोग करतात. पण ही कामं वर्गातल्या मोजक्या मुलांची, तीही शेवटच्या वर्षाची. त्यांच्यासाठी सगळ्या वर्गाने पहिल्याच वर्षी खर्च करावा, हे मला पटत नाही.

म्हणून आपल्याकडे माझ्या चार विनंत्या आहेत.

एक. सगळ्या शाखांना मिळून एकच यादी देणं बंद करावं. शाखेनुसार, वर्षानुसार एका पानाचं पत्रक मराठीत काढावं. कोणत्या वर्षी कोणतं सॉफ्टवेअर, त्याला किमान काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्यात स्पष्ट असावं. "काय लागत नाही" हा रकाना सगळ्यात मोलाचा. खाली लॅब-इन-चार्जची सही असावी. कॅप राउंडच्या आधी ते फलकावर आणि प्रवेशाच्या खिडकीवर लागलेलं असावं, कारण खरेदी गणपतीच्या आत उरकलेली असते.

दोन. लॅबमधले जुने संगणक भंगारात काढू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर स्वीकारत नाही. त्यामुळे चालती-बोलती मशीनं लिलावाला निघत आहेत. त्यांत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, रॅमची एक पट्टी वाढवा, उबंटू आणि ई-सिम घाला. ती पुढची काही वर्षं स्पाइस चालवतील. पावसाळ्यात मशीन चालू झालं नाही तर ते मेलं असं समजू नका. आमच्या हवेत रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात. पट्टी काढून साध्या खोडरबराने दात पुसले की बहुतेक वेळा मशीन पुन्हा उठतं. हे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या, हातालाही वळण लागेल.

तीन. जड कामांसाठी महाविद्यालयाने एक दणकट सामाईक मशीन ठेवावं. भरपूर कोअर, ६४ जीबी रॅम, वर लिनक्स. शेवटच्या वर्षाच्या मुलाने घरून लॉगिन करावं, रात्री काम लावावं, सकाळी उत्तर घ्यावं. एकच सर्किट शेकडो वेळा किमती बदलून चालवायचं असतं, तिथे जास्त कोअर खरोखर कामाला येतात, कारण प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. अशा एका मशीनचा खर्च दोन-तीन गेमिंग लॅपटॉपच्या घरात जाईल आणि ते अख्ख्या तुकडीला पुरेल. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याच्यासाठी लॅब संध्याकाळी दोन तास जास्त उघडी राहावी.

चार. सिम्युलेशन शिकवताना एक प्रॅक्टिकल फक्त काटकसरीला द्यावं. स्टेप कशी ठरवायची, कोणते सिग्नल साठवायचे, हे त्यात यावं. "टाइमस्टेप टू स्मॉल" असा संदेश आला की काय करायचं, तेही यावं. तो संदेश पाहून मुलं माझ्याकडे मोठा प्रोसेसर मागायला येतात! खरं दुखणं सर्किटमध्ये असतं. शून्य वेळात चढणारी पल्स असते, नाहीतर अति आदर्श डायोड, नाहीतर जमिनीशी डीसी वाट नसलेला लोंबकळता नोड. पल्सला थोडा राइज टाइम द्यावा, डायोडला थोडा सीरिज रेझिस्टन्स, लोंबकळत्या नोडला मोठा रेझिस्टर जमिनीकडे, की गाडी चालू लागते. हे कळलेला मुलगा नोकरीच्या मुलाखतीतही वेगळा उठून दिसेल. आणि जर्नलला खुल्या सॉफ्टवेअरचा प्रिंटआउट चालतो, हे सुरुवातीलाच लेखी सांगून टाकावं.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, यादी आम्ही शिफारस म्हणून देतो, सक्ती नसते. मला ते मान्य आहे. पण ज्या घरातलं पहिलं पोर इंजिनीअर होणार आहे, तिथे कॉलेजचा शब्द म्हणजे आज्ञा. वडील माझ्यासमोर घासाघीस करतात ती भावाची, यादीची नाही. "सरांनी सांगितलंय" म्हटल्यावर विषय संपतो. आपल्या शब्दाला एवढं वजन आहे, म्हणूनच तो तोलून द्यावा, एवढंच मागणं आहे.

आणि पत्रक काढायला समिती नेमायचीही गरज नाही. आपल्या एक्सटीसीच्या लॅबमधलं सगळ्यात जुनं चालू मशीन निवडा. ज्या वर्षाचं पत्रक काढायचं, त्या वर्षाच्या जर्नलमधला सगळ्यात जड प्रयोग त्यावर लावा. शेजारी मेमरी आणि प्रोसेसरचे आकडे वहीत टिपा, किती मिनिटं लागली ते लिहा. ज्या मशीनवर तो प्रयोग नीट पार पडतो, तेच त्या वर्षाचं किमान मशीन. ते नाव आणि ती मिनिटं पत्रकावर छापा. एका दुपारचं काम आहे. हाताशी माणूस नसेल तर मला बोलवा, मी पेनड्राइव्ह आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन येईन, पैसे घेणार नाही.

पुढच्या कॅप राउंडला माझ्या दुकानात येणाऱ्या पालकाच्या हातात ते पत्रक असावं, ही मनापासून इच्छा आहे.

आपला नम्र,
संगणक जोडणी-दुरुस्ती करणारा एक डोंबिवलीकर